भिवा साळिंदराची नवी लेन्स

बसा मुलांनो. ज्याच्या हातात मोबाईल आहे, त्याने तो पालथा ठेवावा.

एका जंगलात, जिथे उंच झाडावर चढलं की रेंज यायची, तिथे भिवा नावाचा साळिंदर राहत होता. भिवाला फोटोग्राफीचा भारी नाद. म्हणजे तो फोटो काढायचा असं नाही. तो मोबाईलवरून लेन्स मागवायचा.

नवी लेन्स आली की भिवा तडक वारुळापुढे जायचा. वारुळावर बारीक रेघा असतात, भोकं असतात. त्याचा फोटो काढायचा, तो मोठा करायचा आणि चारही कोपरे तपासायचे. मधला भाग कुणी बघत नसे. खरा कस कोपऱ्यातच लागतो, असं वडाखालच्या लेन्सप्रेमी मंडळात ठरलं होतं. मंडळाचा अध्यक्ष एक घुबड होतं. त्याने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती समजलं जाई.

एकदा खुद्द वाघ वारुळापुढे ऐटीत येऊन बसला. भिवा म्हणाला, "महाराज, जरा बाजूला होता का? वारूळ झाकलं जातंय."

वाघ इतका चकित झाला की खरंच बाजूला झाला.

अशात एका दुपारी चंद्राआत्या आली. आई गेल्यावर हिनेच भिवाला लहानाचं मोठं केलं होतं. आज ती तोंडबिंड धुऊन, ठसठशीत कुंकू लावून आली होती.

"भिवा, आज संध्याकाळी नदीपलीकडे लेकीकडे चाललेय. गुडघे पार गेलेत, आता परत येणं काही व्हायचं नाही. तुझी पिल्लं लहान आहेत रे, विसरतील मला. त्यांना माझं तोंड आठवावं एवढा एक फोटो काढ."

भिवाला भरून आलं. "आत्या, तुझा फोटो म्हणजे काय साधी गोष्ट आहे? कालच नवी लेन्स आलीय. आधी तिची परीक्षा घेतो, मग तुझा काढतो."

"जुनीनेच काढ की."

"जुनी कडेला मऊ पडते गं, पुसट दिसतं."

"मला कुठे कडेला उभं राहायचंय?"

भिवा तिला घेऊन वारुळापुढे गेला, पण वारूळ काही फोटोच्या कोपऱ्यापर्यंत पुरेना. भिवाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर आत्याच्या पाठीवर गेली.

"आत्या, जरा तिकडे सरक. आणखी थोडी. आता पाठ कर. कोपऱ्यात बारीक रेघा हव्यात, तुझे काटे अगदी झकास आहेत!"

भाच्याचं काम अडू नये म्हणून आत्या पाठ करून उभी राहिली. भिवाने एक फोटो काढला. मग लेन्स थोडी उघडून दुसरा. मग थोडी मिटून तिसरा. आत्याचे गुडघे लटपटायला लागले.

"झालं का रे?"

"हलू नकोस! ही नुसती परीक्षा आहे. तुझा फोटो अजून काढायचाय."

ऊन कललं. नदीकाठावरून आत्याला पलीकडे नेणाऱ्या कासवाने हाक मारली, "चला आत्या, पाणी चढतंय!"

"दोनच मिनिटं," भिवा म्हणाला आणि कोपरे बघण्यात गढून गेला. त्याने मान वर केली तेव्हा कासव आत्याला घेऊन पलीकडच्या काठाला लागलं होतं.

भिवा धावत काठापर्यंत गेला. खरंच गेला, मुलांनो. तो काही वाईट साळिंदर नव्हता. पण करणार काय? तो मंडळात गेला.

मंडळाने फोटो मोठा केला. मधोमध वारूळ. उजव्या कोपऱ्यात आत्याची पाठ. तोंड चौकटीबाहेर.

"वा!" घुबड म्हणालं. "काटा अन् काटा सुटा दिसतोय!"

टाळ्या पडल्या. फोटोला पहिला नंबर मिळाला. भिवाला जरा बरं वाटलं. त्याने पिल्लांना फोटो दाखवायला तिथेच बोलावलं.

"बाबा, यात आजी कुठाय?"

"ती काय, त्या कोपऱ्यात."

"तोंड कुठाय तिचं?" धाकटीने विचारलं. "ही आपलीच आजी कशावरून?"

भिवाने कोपरा आणखी मोठा केला. तिथे नुसते काटेच होते. शेवटी घुबडानेच त्याच्या खांद्यावर पंख ठेवला.

"पोरगी बरोबर बोलतेय, भिवा. याहून वाइड लेन्स असती, तर तोंडही मावलं असतं."

भिवाने डोळे पुसले आणि रेंज मिळवायला झाडावर चढला.

तात्पर्य: जिवाभावाच्या माणसाला नेहमी कडेला उभं करावं. त्याशिवाय लेन्सची खरी किंमत कळत नाही.