भागरथाबाईंची नवी खोली

आमच्या शेजारच्या भागरथाबाई शेणाची गोवरी थापली की तिच्या मधोमध हातातलं चांदीचं कडं दाबून ठसा उमटवत. गोवरी चोरीला गेलीच, तर कुणाच्याही चुलीपाशी ओळखता यावी म्हणून. जळलेल्या गोवरीवरचा ठसा कसा ओळखणार, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि त्या दिवसापासून आमच्या चुलीच्या धुरावर त्यांची नजर राहिली.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापसाचा बाजार मोठा. मी एका अडत्याकडे मुनीम होतो आणि सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनामागच्या चाळीत बायकोसह राहत होतो. वर गंजके पत्रे, खाली ओल, आणि भिंती अशा, की शेजारी शिंकला तर आमचं कॅलेंडर हलायचं. भागरथाबाई विधवा. मुलगी सासरी. त्यांच्या पलीकडच्या खोलीत रामाजी, त्याच जिनावरचा जुना, म्हातारा कामगार, अगदी एकटा. बाईंचं जे काही हरवे, ते रामाजीनेच नेलेलं असे.

"त्याचं ध्यान हाय माह्या सामानावर," त्या दारात उभ्या राहून सगळ्या चाळीला सांगत.

रामाजी म्हणे, "बरं बाई."

"पाहा! कबूल करून राह्यला!"

एका दुपारी शेवटच्या खोलीची भिंत आपली आपण खाली बसली. माणसं वाचली, एक बकरी गेली. मग नगरपालिकेने चाळ राहायला अयोग्य ठरवली आणि स्टेशनकडे बांधलेल्या नव्या खोल्या इथल्या कुटुंबांना द्यायचं ठरवलं. सगळी चाळ हरखली. भागरथाबाई सोडून.

"यात काई तरी हाय," त्या म्हणाल्या. जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मुंबईच्या साहेबांना बंगले बांधायला आमची जागा हवी आहे, हे त्यांनी तेव्हाच ताडलं.

नगरपालिकेचा ओव्हरसियर आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच अडवलं. "काऊन जी, आमचं घर पाडाची तुमाले एवढी घाई काऊन?"

"बाई, ते पडणारच आहे."

"मंग पडू द्या न त्याले त्याच्या मनानं!"

शेवटी त्या नवी खोली पाहायला तयार झाल्या. सोबतीला मला नेलं, फसवणूक झालीच तर साक्षीदार हवा म्हणून. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, चौकटीचा वास घेतला, आणि गडवाभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी सरळ मोरीत गेलं. त्यांचा चेहरा काळजीने बारीक झाला.

"सरकारी काम अन् एवढं नीट? मुनीमजी, यात नक्की काई तरी हाय."

हलवाहलवीच्या सकाळी बैलगाड्या आल्या. माझी बायको भांडी बांधत होती. रामाजी मात्र पायरीवर नुसता बसलेला. ओव्हरसियरने त्याला आधीच सांगितलं होतं, खोल्या कुटुंबांसाठी आणि विधवांसाठी आहेत, एकट्या पुरुषाला मिळणार नाही, धर्मशाळेत सोय बघा. तेव्हाही तो "बरं साहेब" एवढंच म्हणाला होता.

भागरथाबाईंची गाडी भरून झाली. त्या चढल्या, आणि पुन्हा उतरल्या.

"साहेब, हा माह्यासंगं येते."

"हा कोण तुमचा?"

"भाऊ हाय."

रामाजीने तोंड उघडलं. "तू चूप राय," बाई म्हणाल्या.

"आडनाव वेगळं आहे याचं."

"माह्यं लगन नाई झालं का?"

"मग इतकी वर्षं शेजारी असून वेगळे का राहत होता?"

"भांडण होतं आमचं. इचारा साऱ्या चाळीले!"

ओव्हरसियर कडक आवाजात म्हणाला, "बाई, हे खोटं निघालं तर तुमचीही खोली जाईल."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. इतकं स्वस्तात काही सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मुनीमजी, खरं आहे का हे?"

मी म्हणालो, "भांडण तर रोज ऐकलंय, साहेब. इतकं परकी माणसं भांडत नाहीत."

त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, टोपी सारखी केली आणि गाडीवानाला हात केला.

दुपारी बायकोने त्यांच्यासाठी पिठलं दिलं, ते घेऊन मी नव्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. रामाजी भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात ताट, पण हात लागलेला नव्हता.

"खाय न," बाई चुलीकडूनच म्हणाल्या.

"बाई," तो म्हणाला, "मले कोनी बहीन नव्हती."

भागरथाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

"मलेबी भाऊ नव्हता," त्या म्हणाल्या आणि ती गरम भाकर त्याच्या ताटात टाकली.