जागा वाढवण्याबाबत

सन चौतीसच्या जून महिन्यात शिवयोगी हत्तुरे यांच्या भुसाराच्या दुकानावर अशी एक अडचण आली, की ज्वारीच्या व्यापारातले कुठलेच शहाणपण तिथे चालेना. थोरला सिद्धनाथ मॅट्रिक होऊन पुण्याच्या शेतकी कॉलेजात दाखलही झाला होता. त्यानंतर त्याने अर्ज केलेल्या तिथल्याच दुसऱ्या एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचे स्वहस्ते लिहिलेले पत्र आले, 'आपल्या मुलास आमच्याकडे जागा देण्यास आनंद वाटतो.' एवढ्या थोर माणसाला नकार कळवायचा तरी कसा?

पत्र लिहायला दाक्षायणी बसली. ती सिद्धनाथची पाठची बहीण. पण मधे तो एकदा नापास झाल्यामुळे दोघे एकाच वर्षी मॅट्रिक झाले होते, आणि मार्क तिचे जास्त होते. कॉलेजात तिलाही जायचे होते. तसे तिने विचारले तेव्हा शिवयोगींनी, पोरींना जागा कुठे मिळते, असे म्हणून विषय मिटवला होता.

"लिव, जागा नको," शिवयोगींनी सांगितले.

हे ऐकून नागव्वा हात पुसत आतून आल्या. अभद्र शब्द त्यांना घरात चालत नसे. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायची, आणि दुकान बंद केले तरी ते वाढवले म्हणायचे.

"विद्येला कुनी नको म्हनतं व्हय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जागा वाढवा म्हनून लिवा."

शिवयोगींना ते पटले. रोज संध्याकाळी ते स्वतः दुकान वाढवतच होते. दाक्षायणीचा टाक क्षणभर थांबला. मग तिने सुरेख अक्षरात लिहिले, 'तरी कृपा करून आमची जागा वाढवावी.'

आठ दिवसांत उत्तर आले. 'आपल्या विनंतीवरून आणखी एक जागा वाढवली आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव कळवावे.'

शिवयोगींनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचले. पहिली जागा अंगावरून उतरत नव्हती, तोवर दुसरी गळ्यात पडली. त्यांनी ताबडतोब दुसरे पत्र सांगायला घेतले, की आमच्याकडे आता विद्यार्थी नाहीत. नागव्वा पुन्हा आडव्या आल्या. भरल्या घरात लेकरे नाहीत असे लिहून द्यायचे म्हणजे काय? दुकानातली ज्वारी संपली तर गिऱ्हाइकाला काय सांगता, असे त्यांनी विचारले. यावर शिवयोगींना हार मानावी लागली. कारण संपली म्हणायचे नाही, उदंड झाली म्हणायचे, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आले होते. गिऱ्हाईक ते ऐकून मुकाट्याने शेजारच्या दुकानात जाई. प्रिन्सिपॉलसाहेबही जातील, अशा हिशेबाने पत्र गेले, 'आमच्याकडे विद्यार्थी उदंड झाले आहेत.'

या वेळी तार आली. दाक्षायणीने ती मराठीत सांगितली. विद्यार्थी पाहायला साहेब गुरुवारी स्वतः येत होते.

गुरुवारी पगडी, उपरणे आणि घामाच्या धारा अशा थाटात साहेब टांग्यातून उतरले आणि गादीवर बसले. सोलापुरात विद्येची एवढी भूक असेल याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांनी दोनदा सांगितले. शिवयोगींचे पत्र त्यांनी सगळ्या प्रोफेसरांना वाचून दाखवले होते.

"बरं, कुठे आहेत सगळे?" त्यांनी विचारले.

दुकानात चौदा पोती आणि एक तराजू होता; सिद्धनाथ तर केव्हाच पुण्याला गेला होता. 'साहेब, आमची चूक झाली' हे वाक्य शिवयोगींनी सकाळपासून पाठ केले होते. पण एवढ्या उन्हात इतक्या लांबून आलेला म्हातारा माणूस, आणि दाराआडून रोखलेले नागव्वांचे डोळे! शिवयोगींना खरोखर रडू यायचे बाकी होते. तेवढ्यात दाक्षायणी ताकाचा पेला घेऊन बाहेर आली.

"ही... ही एक हाय की," शिवयोगी म्हणाले.

साहेबांनी तिला मार्क विचारले आणि ते ऐकून पेला खाली ठेवला. मग चार प्रश्न इंग्रजीत विचारले. तिने चारही उत्तरे बरोबर दिली. साहेबांनी वहीत नाव लिहिले, बाकीचे विद्यार्थी पुढच्या वर्षी पाठवा म्हणाले आणि आनंदाने टांग्यात बसले.

शिवयोगी तराजूशेजारी बसून राहिले. पोरींना जागा मिळत नाही, असे म्हणायची सोय आता उरली नव्हती.

"दाक्षा, खरं सांग," ते थोड्या वेळाने म्हणाले. "वाढवा म्हनलं की सायेब काय समजंल, ते तुला कळलं न्हवतं व्हय?"

"कळलं हुतं की, अप्पा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगितलं तेवडं लिवलं. मला काय वाटतं ते कुनी इचारलंच न्हाई."

शिवयोगींनी ज्वारीचा एक दाणा उचलून उगीचच दाताखाली धरून पाहिला.

"बरं, आता इचारतो," ते म्हणाले. "ट्रंक पत्र्याची चालंल का?"