अच्युतरावांचं बटण

“त्या बटणाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!” कुमुदवहिनी दोन घरांमधल्या गडग्यापलीकडून तिसऱ्यांदा ओरडल्या, कारण यमुनाबाईंच्या लाकूड कातायच्या लेथचं बटण दाबलं की लेथ सुरू न होता कुमुदवहिनींचे यजमान अच्युतराव सुरू होत.

“बटण माझं, लेथ माझा,” यमुनाबाई हातातला स्क्रूड्रायव्हर न थांबवता म्हणाल्या. “परवा प्रदर्शनात मला टेबल मिळालंय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा! बारा भोवरे कातायचे राहिलेत. टेबलावर काय तुझा नवरा मांडू?”

“मांडा की! शोभेचाच आहे. पण बंद करून मांडा.”

आठ दिवस हे असं चाललं होतं. बटण दाबलं की अच्युतराव गडग्यालगतच्या आरामखुर्चीतून उठत आणि आदल्या वेळी ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलू लागत. वजनमापे खात्यातून ते निवृत्त झालेले. शब्द पुष्कळ होते. बटण बंद केलं की कप हातात तसाच, डोळे उघडे, चेहरा प्रसन्न. यमुनाबाईंनी शेजारधर्म म्हणून वेळा काटेकोर पाळल्या होत्या. सकाळी दहाला सुरू, जेवणानंतरचा चहा हातात आला की बंद. कुमुदवहिनींना बेचाळीस वर्षांत प्रथमच दुपारची सलग झोप मिळत होती आणि ती त्यांच्या अंगालाही लागली होती.

इकडे लेथ मात्र गार पडला होता. यमुनाबाई कातकाम पुस्तकं उघडून आणि बोटं कापून घेऊन स्वतः शिकलेल्या. वायरमनला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी प्लग पाहिला, फ्यूज पाहिला, मोटरला थेट वीज देऊन ती फिरवून पाहिली. मोटर ठणठणीत. म्हणजे दोष बटणात. भुसा आत शिरतो, ठिणग्यांनी जळतो, तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरते. मग वीज वाट चुकते आणि जवळ जो माणूस असेल त्याला जाऊन मिळते. यमुनाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

प्लग काढून त्यांनी बटण उघडलं. ब्रशने भुसा झाडला, तशा पलीकडे अच्युतरावांना बसल्याजागी दोन शिंका आल्या. बारीक पॉलिशपेपर पट्टीवर फिरवला, तसे त्यांचे खांदे हलू लागले.

“अहो यमुनाताई, गुदगुल्या होतायत त्यांना!”

“काजळी निघताना होतात.”

पट्ट्या जुळतात का ते बघायला यमुनाबाईंनी मीटरची दोन टोकं त्यांना टेकवली. मीटरमध्ये सेल नऊ व्होल्टचा. तेवढ्यावर अच्युतराव बोलले ते अगदी हळू आणि मोजकं.

“कुमुद, बरे गेले गं हे आठ दिवस.”

“बरे कसले? अर्धा अर्धा दिवस बंद होतात तुम्ही!”

“होतो ना. पण रोज दहाला कोणीतरी आठवणीने सुरू करत होतं.”

यमुनाबाईंनी टोकं उचलली. अच्युतराव थांबले.

“पुन्हा टेकवा,” कुमुदवहिनी म्हणाल्या.

“सेल उतरतो. अर्धी काजळी राहिलीय, कुमुद. सगळी घासली की बटण फक्त लेथ चालवणार, यांना नाही. घासू, की ठेवू तुझ्या झोपेसाठी? एकदाच काय ते सांग. मला भोवरे आहेत.”

कुमुदवहिनींनी नवऱ्याच्या हातातला गार झालेला कप सोडवून घेतला, पदराने खुर्चीचा हात पुसला आणि म्हणाल्या, “घासा तुम्ही खुशाल, यांना सुरू करायला मला बटण लागत नाही.”