भुरीबाईची पांढरी रेघ

एका जंगलात, मुलांनो, भारी शिस्तीचं एक कुरण होतं. ते सिंहमहाराजांचं. एकदा भरदुपारी महाराज तिथे घोरत पडले असताना कुठलंसं पाखरू त्यांच्या नाकात शिरलं. महाराज शिंकले. लगेच हुकूम सुटला की ओळख पटल्याशिवाय कुरणात कुणी पाऊल टाकायचं नाही. हसू नका, हुकूम म्हणजे हुकूम!

थोड्याच दिवसांनी भुरीबाई फाटकाशी आली. भुरीबाई म्हणजे एक गवती पाकोळी, पतंगाच्या जातीची, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. बिचारीच्या पोटात अंडी होती. तिच्या अळ्यांना गवताशिवाय दुसरं काही गोड लागत नाही, आणि गवत उरलं होतं फक्त कुरणात. आज आत जायला मिळालं नाही, तर वंश बुडणार होता.

फाटकावरच्या साळिंदरतात्याने ओळख पटवायला वानरशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांचा पाकोळ्यांचा अभ्यास दांडगा. आजवर दिसलेली प्रत्येक पाकोळी त्यांनी नीट चावून पाहिली होती.

“गवती म्हणवता, मग गवत खाऊन दाखवा,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“आता नाही खात. लहानपणी खायचे.”

“लहानपणी मीही दूध प्यायचो. म्हणून काय मी वासरू? बरं, तोंडापुढे हे काय आलंय?”

“मिशा आहेत, शास्त्रीबुवा. आमच्यात अशाच पुढे येतात. ती आमची खूणच आहे.”

“मला तर चोच वाटते. चोच म्हणजे पक्षी. पक्ष्यांचं फाटक पलीकडे.”

“अहो, ते खातील मला!”

“मग तर उत्तमच. तुम्ही पाकोळी असल्याचं सिद्ध होईल. तसं झालं की या इकडे.”

भुरीबाईला रडूच कोसळलं. तिने पंख पुढे केला. “ही पांढरी रेघ बघा. आमच्या जातीची खरी खूण हीच.”

“रेघ आहे, की चुना लावताय आम्हाला?” शास्त्रीबुवांनी बोटाला थुंकी लावली आणि रेघ घासली. रेघ पुसट झाली. त्यांचा संशय वाढला. त्यांनी आणखी घासली. पाकोळीच्या पंखावर नुसती भुकटी असते, ती सगळी त्यांच्या बोटाला लागली.

“रेघ नाही,” बोट झटकत शास्त्रीबुवा म्हणाले. “म्हणजे ही ती पाकोळी नव्हे.” आणि ते जेवायला गेले.

भुरीबाई दारातच पडलेल्या एका वाळक्या काडीशेजारी टेकली. दमली की ती पंख अंगाभोवती गच्च गुंडाळून घेते. तशीच ती पडून राहिली.

दिवस मावळताना साळिंदरतात्या फाटक लावायला उठला.

“दारात या दोन काड्या कुणी टाकल्या रे? महाराजांच्या पायाला टोचल्या म्हणजे?” असं म्हणून त्याने दोन्ही काड्या उचलल्या आणि आत कुरणात भिरकावल्या.

भुरीबाईची अंडी गवतात पडली. आता तिची लेकरं तिथे मजेत वाढतात. पंख फुटले की आधी दगडावर अंग घासून ती पांढरी रेघ पुसून टाकतात. आईची शिकवण आहे तशी.

तात्पर्य : मुलांनो, आपली ओळख जिवापाड जपावी, म्हणजे लोकांना आपल्याला दारात अडवता येतं. आत जायचंच असेल, तर मात्र कचरा व्हावं.