लाल फीत बांधलेली शेळी

विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. "अगं, यातली चिमी कोणती?" बस, एवढंच. पण हेडक्लार्कांनी विचारायचं नाही असं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

हेडक्लार्क रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते आणि त्यांची बायको गावाबाहेरच्या दोन एकरांवर राहत होते. जमीन बायकोची, हौस बायकोची आणि कष्टही बहुतेक बायकोचेच. (हेडक्लार्कांकडे रजिस्टर होतं.) आता चार वर्षांनंतर आपल्याला घरच्या दोन शेळ्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे कोणत्या तोंडानं कबूल करायचं? दोघी तपकिरी, दोघी सख्ख्या बहिणी. सध्या दोघी आटलेल्या, म्हणजे दुधावरूनही काही कळायची सोय नाही. आणि दोघी त्यांच्याकडे सारख्याच तुच्छतेनं बघायच्या.

बायको बॅग भरत होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तीन दिवस जायचं होतं.

"चिमीचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "आज-उद्या कधीही विईल. फक्त लक्ष ठेवा, काही करायला जाऊ नका. आणि ठकीला हिरवा घास बेतानं. हावरट आहे ती."

"माहितेय मला."

ती उंबऱ्यात थांबली. "मागच्या वर्षीसारखं नको व्हायला."

मागच्या वसंतात बायको बाजारात गेली असताना चिमी अडली होती. हेडक्लार्क त्या वेळी कोठीत बसून नव्या रजिस्टरात पट्टीनं रेघा मारत होते. त्यांना ओरडणं ऐकू आलं तोवर करडू गेलं होतं. बायकोनं ते कुंपणाजवळ पुरलं, हात धुतले आणि त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं त्यांना अजून वाटायचं. त्या दिवसापासून गोठ्यावरून जाताना त्यांची मान खाली जायची.

म्हणून या वेळी काहीही चुकू द्यायचं नव्हतं.

बस वळणाआड गेल्यावर ते गोठ्यात गेले. एक शेळी अंगानं बेताची होती, दुसरी चांगली फुगलेली. ऑफिसात पस्तीस वर्षं त्यांनी पाहिलं होतं, की जी फाईल जाड तिच्यातच प्रकरण असतं. त्यांनी कोठीतून फाईल बांधायची लाल फीत आणली आणि जाड शेळीच्या गळ्यात व्यवस्थित गाठ मारून बांधली. झाली चिमी निश्चित.

आता मनुष्यबळ. वसंतात त्यांच्याकडे स्वयंसेवक यायचे. अर्धा दिवस वाफे खणायचे, रोपं लावायची, आणि बदल्यात जेवण, खाट आणि मोकळी हवा. या खेपेला तिघं होते. एक दंतवैद्य बाई, ज्यांना महिनाभर कोणाच्याही तोंडात बघायचं नव्हतं. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला जमिनीवर राहायचं होतं. आणि एक ग्रंथपाल बाई, त्या इतक्या हळू बोलायच्या की कोंबड्याही थांबून ऐकायच्या.

हेडक्लार्कांनी तिघांना गोठ्यासमोर उभं केलं आणि भिंतीवर तक्ता लावला. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पाळ्या. दर दोन तासांनी निरीक्षण, रजिस्टरात नोंद, खाली सही. चार्ज घेताना लाल फीतवाल्या शेळीला एक पेंढी हिरवा घास आणि वाटीभर भरडा. (पोटुशीला खायला नको का?)

"काका, आणि ही दुसरी?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"ती तक्त्यात नाही."

"हिची कास भरल्यासारखी वाटते मला."

"तुमचा विषय दात," हेडक्लार्क समजुतीनं म्हणाले.

बिनफितीची शेळी थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग कोणी विचारत नाही असं पाहून बाहेर निघून गेली.

तक्ता मात्र चोख चालला. तिघांनी चार्ज घेताना पेंढी घातली. शेळीला आपली आठवण राहावी म्हणून निघताना आणखी एक घातली. हेडक्लार्क पाहणीला यायचे ते रिकाम्या हातानं कसे येणार? फीतवाली शेळी सगळं खात होती आणि सगळ्यांवर प्रेम करत होती. दोन दिवसांत तिचं पोट असं वाढलं की लिफ्टवाल्यानं दाराची रुंदी मोजून ठेवली.

बायकोचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

"कास भरली का?"

हेडक्लार्क जाऊन फीतवालीची कास बघून यायचे. "नाही अजून."

"नाही? आश्चर्य आहे. आणि ठकी?"

"ठकी फिरतेय इकडेतिकडे."

"ठकी? फिरतेय? खात नाही?"

"हवापालट," हेडक्लार्क म्हणायचे आणि रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं नुकतीच झाली होती. लिफ्टवाला धावत आला. "काका, ती उठतेय, बसतेय. दात खातेय."

गोठ्यात फीतवाली शेळी पाय ताणून कण्हत होती. डावी कूस टम्म फुगून पाठीच्या वर आली होती. दंतवैद्य बाईंनी सवयीनं आधी तिचं तोंड उघडलं. "दाढा उत्तम आहेत," त्या म्हणाल्या आणि पुढे काय करावं ते न सुचून त्यांनी ते पुन्हा मिटलं.

"आत अडकलंय," लिफ्टवाला म्हणाला. "आमच्याकडे असं झालं की आम्ही आधी मेन स्विच बंद करतो."

पाऊण तास गेला. शेळीचा श्वास जड होत चालला. पाणी गरम करून झालं, ते निवून झालं, पुन्हा गरम करून झालं. करडाचा पत्ता नव्हता. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, त्यांना यायला दोन तास लागणार होते. कुंपणाजवळची ती जागा हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर आली. आणखी एक खड्डा, आणि पुन्हा बायकोचं ते न बोलणं. ते आता सोसवलं नसतं. त्यांनी फोन लावला.

"मी बसमध्येच आहे," बायको म्हणाली. "विली का?"

"नाही. फुगलीय. फार कण्हतेय. अगं... मला चिमी कोणती तेच माहीत नाही. मी विचारलं नाही तुला. लाज वाटली."

चार वर्षांत त्यांनी इतकं खरं वाक्य उच्चारलं नव्हतं.

"चिमीच्या डाव्या कानाला चीर आहे," बायको म्हणाली. "बघा."

हेडक्लार्कांनी डावा कान बघितला. अखंड होता. खात्रीसाठी उजवाही बघितला.

"ही ठकी आहे," ते म्हणाले.

"किती घास घातलात तिला?"

हेडक्लार्कांनी रजिस्टर उघडलं. सगळं शिस्तीत लिहिलेलं होतं. "एकवीस पेंढ्या. भरडा वेगळा."

"तिचं पोट फुगलंय. पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा. गोडं तेल पाजा, थोडं थोडं, ठसका लागू देऊ नका. डावी कूस चोळत राहा, थांबू नका. आणि चिमी कुठाय?"

चिमी कुठाय? चौघांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळपासून तिला कोणी पाहिलं नव्हतं. ती तक्त्यात नव्हती.

मग एकच धांदल उडाली. लिफ्टवाल्यानं ठकीला उचलून तिचे पुढचे पाय पेटीवर ठेवले. हे काम त्याला येत होतं. दंतवैद्य बाईंनी जबडा धरून इतक्या सफाईनं तेल पाजलं, की एक थेंब बाहेर सांडला नाही. ग्रंथपाल बाई "मी शोधते" असं पुटपुटून नाहीशा झाल्या. हेडक्लार्क गुडघ्यांवर बसून कूस चोळत होते, चोळता चोळता ठकीची माफी मागत होते आणि मनात विहिरीचा कठडा, कुंपणाची फट, रस्त्यावरचे ट्रक असं एकेक येत होतं.

वीस मिनिटांनी ठकीनं हेडक्लार्कांच्या तोंडासमोर तोंड आणून एक ढेकर दिला. तो लांबला, थांबला, पुन्हा सुरू झाला. कूस खाली बसायला लागली. लिफ्टवाल्यानं तिचे पाय पेटीवरून खाली घेतले. ठकीनं मान वळवून पेंढी कुठे आहे ते बघितलं.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई दारात आल्या. "हरवलेली वस्तू नेहमी चुकीच्या कपाटात असते," त्या कुजबुजल्या. "या."

हेडक्लार्कांच्या खोलीत, हेडक्लार्कांच्या खाटेखाली, निरोप समारंभाला घातलेल्या त्यांच्या एकुलत्या एका कोटावर चिमी बसली होती. कोट तिनंच खुंटीवरून ओढला होता. तिच्याजवळ दोन करडं होती, चाटून कोरडी केलेली. एक दूध पीत होतं, दुसरं कोटाचा खिसा चोखत होतं. तिघं स्वयंसेवक दारात गर्दी करून उभे होते. हेडक्लार्क जमिनीवर आडवे झाले, खाटेखाली डोकं घातलं आणि तिथल्या तिथे रडले. एवढं सगळं चिमीनं कोणालाही न विचारता, एकाही सहीशिवाय उरकलं होतं.

संध्याकाळी बायको आली. ती आधी खाटेखाली गेली, मग गोठ्यात, मग रजिस्टर घेऊन पायरीवर बसली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिनं वाचलं. हेडक्लार्क समोर उभे होते. आता ती गप्प बसणार, असं त्यांना वाटलं. पण तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बसा," ती म्हणाली. "आधीच विचारलं असतंत तर काय झालं असतं हो?"

"कोट वाचला असता," हेडक्लार्क म्हणाले.

आठवड्यानं बायकोला बहिणीचा डोळा बघायला पुन्हा एक दिवस जायचं होतं. सकाळी हेडक्लार्क गोठ्यात आले तेव्हा भिंतीवर नवा तक्ता होता, बायकोच्या अक्षरात. रेघा वाकड्या होत्या. तीन पाळ्या होत्या, तिन्ही स्वयंसेवकांची कामं वाटून दिलेली होती. वर शीर्षक होतं, 'घरचे साहेब'. खाली लिहिलं होतं: दर दोन तासांनी कुठे आहेत ते पाहणे. खायला बेतानं. शेळ्यांच्या जवळ दिसल्यास चहा देऊन परत आणणे. काही करू देऊ नये. ओळखण्याची खूण म्हणून गळ्यात लाल फीत बांधली आहे.

हेडक्लार्कांनी गळ्याला हात लावला. फीत होती. झोपेत बांधली असणार, गाठ मात्र व्यवस्थित होती. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. मग पस्तीस वर्षांच्या सवयीनं खिशातून पेन काढलं आणि खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'वाचले. मान्य.' आणि सही केली.