काकडीची वजाबाकी

"आता पिठालाही काकडीचा वास यायला लागलाय," भट्टीकाका पुटपुटले. तसे ते स्वतःशीच बोलले होते. पण बेकरीतली भट्टीमागची जागा इतकी चिंचोळी, की तिथे एकानं स्वतःशी बोललेलं दुसऱ्याला ऐकू जातंच.

"काय म्हणालात?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही. तो ट्रे जरा सरकवा म्हटलं."

थोरलीनं ट्रे सरकवला आणि तोंडातली काकडी कचकन चावली. बोला, किती बोलायचं ते बोला, तिनं मनात म्हटलं. दोन महिन्यांत चवळीची शेंग होऊन दाखवते आणि एकेकाच्या नाकावर टिच्चून समोरून चालत जाते.

त्या बेकरीत दोन जावा होत्या. थोरली मागे. पीठ मळायचं, बन वळायचे, घाम पुसायचा, हे तिचं खातं. धाकटी पुढे, काचेच्या कपाटामागे. पिशवी भरायची आणि हसायचं, हे तिचं. सासूबाई दोघींच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, कारण तिथून दोन्हीकडचं दिसतं आणि कुणालाच काही करता येत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस कुणी गिऱ्हाईक बन घेता घेता धाकटीला म्हणालं, "काय हो हाताला चव तुमच्या!" आणि धाकटी नुसती हसली. 'माझ्या नाही, जाऊबाईंच्या' असं म्हणाली नाही. मागे थोरलीच्या हातात मैद्याचा गोळा होता. तो तिनं असा आपटला, की भट्टीकाका दोन पावलं मागे सरले.

त्या दिवसापासून भांडण झालं नाही की अबोला नाही. एवढंच झालं, की पहिल्या ट्रेमधला पहिला गरम बन लोणी लावून पुढे धाकटीला पाठवायची थोरलीची वर्षानुवर्षांची रीत होती, ती बंद पडली. हात मोकळा नसायचा, दुसरं काय.

आणि नेमकी त्यानंतर धाकटी बारीक व्हायला लागली!

तिचं नाक वर आलं, गाल आत गेले, मान लांब झाली. येणारी प्रत्येक बाई बिस्किटं बाजूला ठेवून आधी विचारायची, "अगं, काय केलंस तरी काय?"

"काही नाही हो, काकडी," धाकटी म्हणायची. "सकाळी मधेच भूक लागते ना, तेव्हा काकडी खाते. ती पचवायला जेवढी शक्ती लागते, तेवढी तिच्यात नसतेच म्हणे. म्हणजे खायची आणि वर घटायचं."

ऐकणाऱ्या बायका खूश व्हायच्या. एखाद्याच्या यशानं लोकांच्या पोटात दुखतं. थोरलीचं डोक्यापासून टाचेपर्यंत दुखलं. चव माझी, घाम माझा, आणि बारीक ही?

"तिला अर्धंच कळलंय," तिनं नवऱ्याला सांगितलं. "काकडी जर उणे असेल, तर तिनं दुसरं काहीतरी खोडताही येतं. एक बन खायचा आणि वर तीन काकड्या. बन खाल्लाच नाही असं होतं. चौथी खाल्ली की उलट फायदा."

"आणि दहा खाल्ल्या की माणूस नाहीसा होईल," नवरा म्हणाला.

"तुम्हाला थट्टाच सुचणार."

"थट्टा नाही गं, बाजारातून पिशव्या मी वाहतोय."

पहिल्याच आठवड्यात ती हळूच पिठाच्या काट्यावर उभी राहिली. आता या काट्याची रीत अशी, की आधी रिकामा टोप ठेवायचा आणि बटण दाबायचं. आकडा शून्यावर येतो. मग पीठ ओतायचं. टोपाचं वजन काटा मनातल्या मनात वजा करत राहतो. ही रीत थोरलीला झोपेतसुद्धा पाठ होती. पण ती पिठासाठी. टोप उतरवून आपण वर चढलो तर काटा आपल्यातूनही टोप वजा करेल, हे तिला का सुचलं नाही, ते मत्सराला विचारा.

आकडा चांगला एका टोपानं उतरला होता.

थोरली गुणगुणायला लागली. नवऱ्यावर ओरडेना, भट्टीकाकांना चहा विचारू लागली. धाकटीला एकदा म्हणाली सुद्धा, "जपून हं, फार बारीक होऊ नकोस. मी पोचलेच मागून." धाकटीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि दोघींनी मिळून रस्त्याकडे पाहिलं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर आली. नवा दवाखाना उघडत होता, पाहुण्यांना बन हवे होते. भट्टीकाकांनी टोपात निम्मा मैदा ओतला आणि भट्टीतून धूर आला म्हणून ते तिकडे धावले. थोरलीला तेवढीच संधी. तिच्या मनात आलं, आज अगदी प्रामाणिकपणे बघू, काटा शून्यावर आणून. टोप मैद्यासकट वर असतानाच तिनं बटण दाबलं, टोप खाली उतरवला आणि वर चढली.

आकडा लग्नातला होता.

तिला रडूच यायचं बाकी राहिलं. टोप परत जागच्या जागी ठेवून ती आरशाकडे पळाली. भट्टीकाका धुरानं चुरचुरणारे डोळे चोळत आले, काट्यावरचं शून्य तेवढं दिसलं. 'म्हणजे अजून मोजलेलं काहीच नाही,' असं म्हणून त्यांनी मैदा पहिल्यापासून मोजून ओतला. पाणी तेवढंच, खमीर तेवढंच. मळताना पीठ दगडासारखं लागत होतं, पण थोरलीचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

दुपारी फोन आला. धाकटीनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"बन पाठवलेत की पेपरवेट?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्घाटनाआधीच दोन पेशंट झाले. तुमचे आभार मानू की पोलिसांत जाऊ, ठरवतेय."

धाकटीनं माफी मागितली, नवे बन कबूल केले आणि जाता जाता विचारलंच, "बाई, ते काकडीचं खरं असतं का हो? पचवायला जास्त लागतं ते?"

"छे. थोडं पचवण्यात जातं, बाकीचं अंगी लागतं. कमी असतं, पण असतं. तुम्ही बनकडे लक्ष द्या."

फोन ठेवला गेला. सगळे काट्याभोवती जमले.

"काट्याला हात कुणी लावला?" नवऱ्यानं विचारलं. विचारताना तो छताकडे बघत होता.

"मी लावला," थोरली म्हणाली. "मी वजन बघत होते. मी किती उतरलेय, तुम्हाला कुणाला कल्पना तरी आहे का?"

सासूबाई उठल्या, त्यांनी रिकाम्या काट्याचं बटण दाबलं आणि बोटानं वर चढायची खूण केली. थोरली चढली. आकडा थांबला तो काकडीच्या आधी होता त्याच्याही पुढे.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"तुम्ही चहा विचारायला लागला होतात हो," भट्टीकाका म्हणाले. "कसं सांगणार?"

थोरली काट्यावरच उभी राहिली. उतरलं तर सगळं संपेल असं तिला वाटत होतं. मग तिचा आवाज फुटला. "मग हिलाच कशी लागू पडली काकडी? सांगा ना. पोतंभर मी खाल्ली आणि बारीक ही कशी झाली?"

नवऱ्यानं चपलेचा अंगठा तपासला. भट्टीकाका विझलेल्या भट्टीत डोकावले. धाकटीनं मान खाली घातली.

"काकडीनं नाही झाली ती," सासूबाई म्हणाल्या. "तू तिचा बन बंद केलास, म्हणून झाली."

"लोणी लावलेला," धाकटी हळूच म्हणाली.