काथोडदादा आणि भिंतीपलीकडचा मोगरा

काथोडदादा पाहुण्याला निरोप देताना नमस्कार करत नाहीत, हात हुंगतात. "दाव," एवढंच म्हणतात, आणि शाळेत नखं दाखवायला करायचो तसे दोन्ही पंजे पुढे करावे लागतात. मग त्यांवरून त्यांचं नाक फिरतं. हे नाक असं आहे की भर पावसात त्याच्या आडोशाला मिशा कोरड्या राहतात. हाताला मोगऱ्याचा वास आला तर तुम्ही चोर. साबणाचा आला तर पुरावा धुऊन आलेले चोर. मी एकदा घरी लसूण सोलून त्यांच्याकडे गेलो होतो, तर महिनाभर त्यांनी मला बागेच्या फाटकाला हात लावू दिला नाही. "लसनीचा वास उगाच कोन लावतंय का? तू काहीतरी दाबतंस," म्हणाले.

भिवंडीतून पूर्ण्याकडे जाताना, जिथे लूमची खडखड संपते आणि ट्रकचे हॉर्न सुरू होतात, तिथे आमची आळी. माझी पहिल्या मजल्यावरची गॅलरी नेमकी दादांच्या बागेच्या डोक्यावर. मी वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे दादांच्या लेखी मी शत्रुपक्षाचा. मला ते 'गोदामवाले' म्हणतात. माझ्या भाच्याने कॅमेऱ्याचा मोबाइल आणला तेव्हा त्यांनी त्याला बागेत पाऊल टाकू दिलं नाही. "आज फोटू नेतील, उद्या वास नेतील. ह्या कंपन्यांचा काय नेम न्हाय."

बुलबुलांवर त्यांचा संशय होता, खताच्या गोणीवर होता, देवपूजेला फुलं मागणाऱ्या बायकांवर तर होताच. पण सगळ्या संशयांचा राजा भिंतीपलीकडे राहत होता. हनीफचाचा. जुने लूमवाले, घरात चार माग, आणि मागांच्या मागे मोगऱ्याची बाग. दोन्ही बागांच्या मधे छातीएवढी एक भिंत. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले, आणि तेव्हापासून एकमेकांच्या पाटीत डोकावणारे.

त्यांचा एक रिवाज होता. थंडी सरली की ज्याच्या मोगऱ्याला पहिली फुलं येतील, त्याने ती बदामाच्या पानावर घालून भिंतीवर ठेवायची. हरलेल्याने सगळ्या आळीदेखत ती उचलून कानामागे खोचायची आणि वसंत आला असं कबूल करायचं. आळीत वसंत पंचांगाने येत नसे, या दोघांच्या परवानगीने येई. पूर्वी म्हणे या स्पर्धेत पाच-सहा वाड्या असत. त्या एकेक करून गोदामांच्या पत्र्याखाली गेल्या. उरले हे दोघे.

आता मोगऱ्याची एक गंमत असते. ऐन थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. छाटायचा, मुळांवरची माती ओढून ती उन्हाला उघडी करायची, आणि अगदी तहानेने मरायला टेकवायचा. याला ताण देणं म्हणतात. मग खत-पाणी दिलं की झाड जिवाच्या आकांताने फुलतं. पण ताणाच्या दिवसांत त्याला लाडाने पाणी घातलं तर नुसता पाला माजतो, कळी धरत नाही. हे आळीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी थंडी अशी पडली की भिवंडी आहे का काश्मीर, कळेना. आमच्या घरचं खोबरेल इतकं गोठलं की बायको ते सुरीने कापून केसांना लावी. लूमवर शिफ्ट संपली तरी कामगार उठत नसत, मागाच्या तापलेल्या मोटारीला पाठ लावून बसत. आणि नेमके त्याच थंडीत हनीफचाचा हजला गेले. जाताना नव्या सुनेला, तस्नीमला, एवढंच म्हणाले, "बेटी, बाग सांभाळ." कशी सांभाळायची ते बोलले नाहीत. भिंतीला कान होते ना.

तस्नीम गुणी मुलगी. सासऱ्याची अमानत म्हणून तिने दुसऱ्याच दिवसापासून मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाइपने न्हाऊ घालायला सुरुवात केली. मी गॅलरीतून पाहिलं, दादा भिंतीपाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा, कुणी त्यांच्या तोंडात कडू काकडी कोंबावी तसा झाला होता. मला वाटलं, थंडी बाधली.

चार-आठ दिवसांनी तस्नीमचा पाइप चोरीला गेला. तिने बादलीने पाणी घालायला सुरुवात केली, तर बादली गेली. तांब्या घेतला, तर बागेतल्या नळाची चावीच गायब झाली. आळीत बोभाटा झाला. चोर घरात शिरत नाही, दागिन्यांना हात लावत नाही, फक्त पाण्याच्या मागे लागलाय, हे भिवंडीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. तस्नीम खालून मला म्हणाली, "भाईजान, अब्बांची झाडं सुकली तर मी त्यांना काय तोंड दाखवू? तुमची गॅलरी वर हाय, जरा नजर ठेवा."

नजर ठेवायची तर कुणावर, हे आळीत कुणाला सांगावं लागलं नाही. ज्याने आयुष्यभर सगळ्यांचे हात हुंगले, त्याच्याकडे आता सगळे तिरक्या डोळ्यांनी बघू लागले. मी तर रजाच टाकली. दुपारी लोडशेडिंग संपून लाइट परत आली, सगळ्या आळीचे लूम एकदम सुरू झाले. त्या खडखडाटात हत्तींची वरात भिंतीवरून गेली असती तरी ऐकू आली नसती. आणि काथोडदादा बॉबिनच्या खोक्यावर चढून, धोतर खोचून, पलीकडे उतरले. हातात खुरपं. हनीफचाचांच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी बसले आणि माती उकरू लागले.

मुळं उघडी पडली. मी म्हटलं, संपलं. याने म्हाताऱ्याची बाग उपटली. जिना उतरलो तो पायऱ्या न मोजता, बहुतेक तीन-तीन एकदम. दादा परत भिंतीवरून उतरत होते तेव्हा मी समोर उभा.

"दादा," मी म्हटलं, "आता तुमचे हात दाखवा."

ते दचकले नाहीत. आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. "कोनाला बोल्लास?"

"अजून नाही. पण तो माणूस देवाच्या दारी गेलाय, आणि तुम्ही त्याची झाडं मारताय?"

"मारतंय कोन? मारतेय ती पोर. पानी पाजून पाजून. ताण तुटला तर यंदा येक कली धरनार न्हाय."

मग ताण म्हणजे काय ते त्यांनी मला कुजबुजत सांगितलं, आणि सांगताना असे अवघडले की जणू दात उपटून देत होते. मी म्हटलं, "मग हेच तिला सांगायचं ना. चोऱ्या कशाला?"

"तिला सांगू? तिचा माहेर पडघ्याला. उद्या सगला पडघा ताण देत बसंल." तेवढ्यावर त्यांचा संशय थांबला नाही. "आनि हनीफला कललं की म्या त्याचा मोगरा राखला, तर मरस्तोवर उपकार मोजीत बसंल. तुझ्या तोंडातून निघाला ना, तर तुझ्या गॅलरीत घुशी सोडीन."

"पण दादा, त्याचा नाही फुलला तर नाही फुलला. तुम्हीच जिंकाल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की गोदामात काम करून माणूस किती मठ्ठ होतो याचा जणू त्यांना पुरावाच मिळाला. "जिकू कोनाला? तुझ्या पत्र्याला?" म्हणाले आणि खुरपं धुवायला गेले.

मी तस्नीमला सांगितलं, चोर काही दिसला नाही, माती घुशींनी उकरली असेल. तिने माझ्याकडेही संशयाने पाहिलं, ते मी सोसलं.

हनीफचाचा परत आले. सुजलेले पाय, कमी झालेलं वजन, सोबत खजूर आणि जमजमचं पाणी. थंडी हटली, चाचांनी मोगऱ्याला खत-पाणी दिलं, आंब्यावर मोहोर दिसू लागला, माझ्या बायकोने सुरी ठेवून दिली. आणि एके सकाळी भिंतीवर बदामाचं पान होतं. पानावर टपोऱ्या फुलांची ओंजळ. चाचांची. दादांच्या झाडांना अजून नुसत्या ज्वारीएवढ्या कळ्या होत्या. ज्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या मोगऱ्याची छाटणी करायची, तो सगळा भिंतीपलीकडे खर्च झाला होता.

आळी गोळा झाली. दादांनी फुलं उचलली, नाकापाशी नेली, कानामागे खोचली.

"आला वसंत," म्हणाले. "पन लबाडीनं आला. काय घातलंस रं? मक्केवरनं खत आनलंस का?"

"खत काय, दुआ हाय दुआ," चाचा म्हणाले. "आनि लबाडीचं तू बोलतंस? माझा पाइप कुठं हाय? बादली कुठं हाय? तीर्थावरून येतो तर घरात नळाची चावी न्हाय. शरम कर, काथोड."

"मना काय ठावं? तुझ्या घरात चोर शिरतात, त्यो तुझा बंदोबस्त."

"चोर कोन ते साऱ्या आळीला म्हाईत हाय."

मी तोंड उघडलं. दादांनी नुसतं माझ्या गॅलरीकडे पाहिलं. मी मिटलं.

भांडण जुंपलं. पन्नास वर्षांपूर्वीची पाटी निघाली, पेन्सिल निघाली, कुणी कुणाची बोरं खाल्ली ते निघालं. तासभर झाला. ऊन चढलं. चाचा बोलता बोलता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, मग त्यांनी भिंतीला हात टेकला. दादा वाक्याच्या मध्येच थांबले. आत गेले आणि आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. ती भिंतीवरून पलीकडे उतरवली, जमिनीवर नीट टेकली की नाही ते वाकून पाहिलं.

चाचा बसले.

"हां," काथोडदादा उभ्यानेच म्हणाले, "कुठं व्हतो आपून? बोरं. ती तूच खाल्ली व्हतीस."